जनमत आणि प्रश्नाची भाषा : ब्रिटन व युरोप

उद्दिष्ट
या पाठाच्या अभ्यासानंतर प्रश्नातील शब्दयोजना आणि जनमत यांचा संबंध आपणांस स्पष्ट करता येईल.

विषय-विवेचन
विद्यार्थिमित्रहो, जनमताची आकडेवारी वाचताना लोकांना नेमके काय विचारले होते, हे आधी पाहावे लागते. ब्रिटनमधील दोन सार्वमते या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

१ जानेवारी १९७३ रोजी ब्रिटन युरोपीय समुदायात दाखल झाले. समुदायात राहावे काय, हा प्रश्न ५ जून १९७५ रोजी मतदारांपुढे ठेवण्यात आला. प्रश्नात समुदायाच्या नावापुढे कंसात ‘कॉमन मार्केट’ असे लिहिले होते. ६७.२ टक्के मते ‘होय’ अशी पडली. ‘मार्केट’ हा शब्द व्यापार सूचित करतो. पुढे आलेल्या ‘युनियन’ या नावात राजकीय एकत्वाची अर्थच्छटा आहे.

२३ जून २०१६ च्या सार्वमतासाठी प्रारंभी ‘सदस्य राहावे काय’ एवढाच प्रश्न योजिला होता. त्यात एकाच पर्यायाचा उल्लेख असल्याने निवडणूक आयोगाने बदल सुचवला आणि ‘राहावे की बाहेर पडावे’ असे दोन्ही पर्याय प्रश्नात आले. ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. त्या बाजूची घोषणा ‘नियंत्रण परत घेऊ या’ अशा आशयाची होती. यातील ‘परत’ हा शब्द लक्षात घ्या. नियंत्रण पूर्वी आपल्याकडे होते व ते गेले, हे त्यात न सांगता मानून घेतले आहे. अशा अर्थास ‘पूर्वगृहीत’ म्हणतात. उघड विधानाचा प्रतिवाद करता येतो. पूर्वगृहीत सहसा नजरेतून सुटते.

‘ब्रिटिश जनता’ हे समूहवाचक नामही जपून वापरावे. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के मते संघात राहण्याच्या बाजूची होती. इंग्लंड व वेल्स यांचा कौल उलट होता.

३१ जानेवारी २०२० रोजी ब्रिटन संघाबाहेर पडले. अलीकडच्या पाहण्यांत तो निर्णय चुकला असे म्हणणारे अधिक आढळतात. मात्र युरोपशी ‘जवळीक’ म्हणजे सुलभ व्यापार, मुक्त संचार की पुन्हा सदस्यत्व, हे विचारल्याशिवाय उत्तराचा अर्थ लागत नाही. मे २०२५ मध्ये लंडन येथील शिखर परिषदेत ब्रिटिश सरकारने संघाशी सहकार्य वाढविण्याचे मान्य केले. परंतु एकल बाजारपेठेत परतण्यास नकार कायम ठेवला.

सारांश
निकालांमागे अर्थकारण, स्थलांतर, सार्वभौमत्व अशी प्रबळ कारणे होती. केवळ शब्दांनी ते घडले नाहीत. तथापि उत्तराचे परिणाम साऱ्या राष्ट्राला भोगावे लागतात, म्हणून प्रश्नाचा अर्थ समजून घेणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. ‘पूर्वगृहीत’ ही संकल्पना सोदाहरण स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील एखाद्या निवडणूक घोषणेतील पूर्वगृहीत शोधा.