खेळांतील मानचिन्हें व त्यांचें मोल

श्रम केले, तर त्यांची कांहीं खूण आपल्याजवळ राहावी, ही इच्छा मनुष्यास स्वाभाविक आहे. कुस्तीच्या फडांत जिंकलेल्या मल्लास फेटा व नारळ मिळतो. शाळेंत पहिल्या आलेल्या विद्यार्थ्यास पारितोषिक मिळतें. आणि अलीकडे पडद्यावरील खेळांत खेळाडूला 'अचीव्हमेंट' मिळते. ह्या शेवटच्या खुणेस प्रस्तुत लेखांत आपण मानचिन्ह म्हणूं. एखाद्या खेळांतील झाडून सारीं मानचिन्हें मिळवावयाचीं, असा संकल्प कित्येक विद्यार्थी करितात, आणि शाळा सुटल्यावर औरंगपुऱ्यांतील पुस्तकांच्या दुकानांवरून घरीं जातांना मुलांच्या तोंडीं हा विषय सहज येतो. पालकांस मात्र हा निव्वळ कालापव्यय वाटतो. दोघांचेंही म्हणणें तपासून पाहण्याजोगें आहे. त्यासाठीं अनेकांनीं मिळून खेळावयाच्या, गमतीच्या लढाईच्या खेळाचें उदाहरण घेऊं. कारण मानचिन्हाचें खरें स्वरूप त्यांत फार स्पष्ट दिसतें.

ह्या जातीच्या खेळास 'प्लॅटफॉर्म फायटर' म्हणतात. पडद्यावर हवेंत तरंगणारे कांहीं चौथरे असतात. त्यांवर दोन, चार, प्रसंगीं आठ गडी एकाच वेळीं उतरतात. लढाईच्या इतर खेळांत ठोसे बसतां बसतां एकाची शक्ति शून्यावर आली म्हणजे तो हरतो. येथें तसें नाहीं. जों जों मार बसावा, तों तों पुढील ठोशानें गडी अधिक दूर फेंकला जातो; आणि फेंकला जाऊन रिंगणाच्या हद्दीबाहेर गेला, कीं तो बाद. कबड्डींत रेषेबाहेर गेलेला गडी बाद होतो, तसाच हा नियम आहे. म्हणून पुष्कळ मार खाल्लेला गडीही चौथऱ्याची कड धरून परत येऊं शकतो, आणि नवख्याच्या मनांत शेवटपर्यंत आशा राहते.

ही कल्पना रूढ झाली ती जपानांत. मासाहिरो साकुराई व सातोरु इवाता ह्यांनीं तिचा कच्चा नमुना केला. पुढें १९९९ च्या जानेवारींत 'सुपर स्मॅश ब्रदर्स' ह्या नांवानें तो खेळ बाहेर पडला. चौघांनीं एकत्र बसून खेळावें, हा त्यांतील मूळ हेतु होता. आपल्याकडील मुलांच्या हातीं असलेला 'ब्रॉलहल्ला' हा त्याच कुळांतील खेळ होय. तो अमेरिकेंतील अटलांटा येथील ब्लू मॅमथ गेम्स ह्या संस्थेनें केला, २०१७ सालीं पूर्णरूपानें प्रसिद्ध झाला आणि २०२० सालीं मोबाइलवर आला. तो विनामूल्य उतरवून घेतां येतो. गड्यास किती मार बसला, हें त्यांत अंकांनीं न दाखवितां रंगानें दाखवितात. पांढऱ्यापासून पिवळा, नारिंगी, तांबडा असा रंग गडद होत जातो.

आतां मानचिन्हांकडे वळूं. त्यांचा इतिहास चाळीसहून अधिक वर्षांचा आहे. १९८० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत ॲक्टिव्हिजन ही कंपनी ठराविक गुण मिळविणाऱ्या खेळाडूंस कापडी बिल्ला पाठवीत असे. 'पिटफॉल' ह्या १९८२ च्या खेळांत २०,००० गुण झाले, कीं दूरदर्शनसंचाच्या पडद्याचें छायाचित्र काढावयाचें, टपालानें धाडावयाचें, आणि बिल्ल्याची वाट पाहावयाची. २००५ सालीं एक्सबॉक्स ३६० ह्या यंत्राबरोबर हीं चिन्हें यंत्रांतच नोंदलीं जाऊं लागलीं. २००७ मध्यें स्टीमनें व २००८ मध्यें प्लेस्टेशननें तीच पद्धत घेतली. प्लेस्टेशनवर पुष्कळ खेळांत इतर सर्व चिन्हें मिळविणारास शेवटीं 'प्लॅटिनम' चिन्ह मिळतें. 'सर्व मिळविणें' हा स्वतंत्र पराक्रम मानला जाऊं लागला, तो ह्या पद्धतीनेंच.

परंतु 'सर्व' हा शब्द फसवा आहे. यादींतील चिन्हें बारकाईनें पाहिलीं, तर तीं चार जातींचीं आढळतात. पहिलीं हजेरीचीं: अमुक इतक्या लढती खेळा, अमुक इतका वेळ घालवा. हीं मिळविण्यास केवळ बसून राहण्याची चिकाटी पुरते. दुसरीं संग्रहाचीं: सर्व गडी, सर्व पोशाख, सर्व चौथरे मिळवा. 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेट' ह्या २०१८ च्या खेळांत आरंभीं ८ गडी हाताशीं असतात आणि साठांहून अधिक पुढें एकेक करून मिळवावे लागतात. हें त्या जातीचें चांगलें उदाहरण होय. तिसरीं कौशल्याचीं: यंत्राच्या अत्यंत कठीण पायरीवर एकट्यानें जिंका. आणि चौथीं सोबतीचीं: दुसऱ्या जिवंत माणसांशीं लढून अमुक इतके विजय मिळवा. पहिल्या तीन जातींसाठीं खेळाडूला फक्त स्वतःची गरज लागते. चौथीसाठीं मात्र दुसऱ्या कोणी तरी हरावें लागतें. सारा प्रश्न येथेंच उभा राहतो.

येथें थोडें गणित करूं. समजा, चार मित्र आहेत, चौघेही सारख्याच ताकदीचे, आणि प्रत्येकास १०० विजयांचें चिन्ह हवें आहे. एका लढतींत चौघांपैकीं एकच जिंकतो. अर्थात् चौघांचे मिळून ४०० विजय होण्यास ४०० लढती व्हावयास पाहिजेत, आणि त्या पुऱ्या होईपर्यंत प्रत्येक मित्र ३०० वेळां हरलेला असेल. एका लढतीस ४ मिनिटें धरलीं, तर १,६०० मिनिटें, म्हणजे २६ तास ४० मिनिटें लागतील. दर रविवारीं एक तास खेळावयाचें ठरविलें, तर २७ रविवार लागतील. हा सहा महिन्यांहून थोडा अधिक काळ झाला.

आतां दुसरा मार्ग पाहा. चौघांनीं आधींच ठरविलें, कीं आज तूं जिंक, आम्ही तिघे आपण होऊन चौथऱ्यावरून उड्या टाकतों. उद्यां माझी पाळी. अशी लढत अर्ध्या मिनिटांत संपते. तेव्हां ४०० लढतींस लागतात २०० मिनिटें, म्हणजे अवघे ३ तास २० मिनिटें. चिन्ह तेंच, त्याचा रंग तोच, त्याची नोंदही तीच. यंत्रास ह्या दोहोंतील भेद बहुधा कळत नाहीं.

यंत्रास कळला नाहीं, तरी मराठी माणसास तो कळतो. कारण ह्या दुसऱ्या प्रकारास आपल्या भाषेंत नांव आहे. तें म्हणजे नुरा कुस्ती. दोन मल्ल आधीं संगनमत करून आखाड्यांत उतरतात, पेंच टाकल्याचें व सोडविल्याचें सोंग करितात, आणि प्रेक्षकांस खऱ्या झुंजीचा भास होतो. अशा कुस्तींत हाडें मोडत नाहींत, घाम फारसा गळत नाहीं, आणि जिंकणारास आपण जिंकलों असें एकांतांत म्हणवत नाहीं. उलट निकाली कुस्तींत हरलेला मल्लही आपली मान ताठ ठेवून बाहेर येतो.

आपल्या शहरास ह्या बाबतींत एक अभिमानाची आठवण आहे. 'महाराष्ट्र केसरी' ह्या किताबाची पहिली स्पर्धा १९६१ सालीं येथेंच, तेव्हांच्या औरंगाबादेंत झाली, आणि दिनकर दह्यारी ह्यांनीं तो पहिला किताब जिंकला. त्या किताबाची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. मातीवरील विभागाचा विजेता व गादीवरील विभागाचा विजेता ह्यांची अखेरची लढत होते, आणि स्पर्धेंतून एकच केसरी ठरतो. तो मान हजेरीनें मिळत नाहीं, संग्रहानें मिळत नाहीं. समोर तितकाच तयारीचा मल्ल उभा राहिला आणि त्यास हरविलें, तरच तो मिळतो. ह्यावरून एक कसोटी हातीं येते: मानचिन्हाचें मोल तें मिळवितांना समोर कोण उभा होता, आणि तो खरोखर लढला कीं नाहीं, ह्यावर ठरतें.

ह्यावर एखादा चतुर विद्यार्थी विचारील, "नुरा कुस्तीनें २३ तास २० मिनिटें वांचलीं, तीं अभ्यासास दिलीं, तर त्यांत वाईट काय?" प्रश्न योग्य आहे आणि त्याचें उत्तरही सरळ आहे. अभ्यासास वेळ हवा असेल, तर चिन्हाचा नाद सोडावा. मग ते ३ तास २० मिनिटेंही वांचतील. परंतु चिन्ह घ्यावयाचें आणि खेळ टाळावयाचा, ह्यांत खेळाचा आनंदही नाहीं व अभ्यासाचा लाभही नाहीं. जे तास वांचले असें वाटतें, त्याच तासांत उडी केव्हां मारावी, कड कशी धरावी, रागावर ताबा कसा ठेवावा, आणि ३०० वेळां हरूनही मित्राशीं बोलणें कसें चालूं ठेवावें, हें शिकावयाचें असतें. चिन्ह हें त्या शिक्षणाची पावती आहे. माल न घेतां पावती जपून ठेवणारास आपण शहाणा म्हणत नाहीं.

खेळ रचणारांनाही ही अडचण ठाऊक असावी, असें दिसतें. 'सुपर स्मॅश ब्रदर्स' मालिकेंतील २००८ च्या 'ब्रॉल'मध्यें व पुढें 'अल्टिमेट'मध्येंही खेळाडूस थोडे सोन्याचे हातोडे मिळतात. एखादें आव्हान पुरें न करतांही हातोड्यानें तो चौकोन फोडतां येतो. मात्र हातोडे मोजकेच असतात, आणि कांहीं चौकोन त्यांनीं फुटतच नाहींत. ही सवलत उघड व नियमांतील असल्यामुळें तींत फसवणूक नाहीं. पण कोणते चौकोन स्वतः जिंकले आणि कोणते हातोड्यानें फोडले, हें खेळाडूस पुरतें ठाऊक असतें.

सोबतीच्या चिन्हांचा आणखी एक धर्म आहे. तीं नाशवंत असतात. निन्टेन्डो कंपनीनें थ्री-डी-एस व वी-यू ह्या यंत्रांवरील दूरच्या खेळाडूंशीं खेळण्याची सेवा एप्रिल २०२४ मध्यें बंद केली. वॉर्नर कंपनीचा 'मल्टिव्हर्सस' हा ह्याच कुळांतील खेळ २०२४ च्या मे महिन्यांत मोठ्या गाजावाजानें पुन्हा सुरू झाला आणि ३० मे २०२५ रोजीं त्याची दूरची सेवा संपली. ज्यांनीं तो आधींच घेतला होता, त्यांना घरच्या घरीं तो अद्याप खेळतां येतो. परंतु परगांवचा अनोळखी गडी आतां त्या चौथऱ्यावर उतरत नाहीं. सोबत संपली, कीं सोबतीचीं चिन्हेंही मिळेनाशीं होतात. म्हणून यादी पुरी करावयाचीच असेल, तर सोबतीचीं चिन्हें आधीं मिळवावीं. हजेरीचीं व संग्रहाचीं मागून आपोआप येतात.

आतां विद्यार्थ्यांस व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतों. संकल्प करण्यापूर्वीं संपूर्ण यादी वाचावी आणि वहींत चार रकाने आंखून प्रत्येक चिन्ह त्याच्या जातींत लिहावें. वर केलें तसें गणित करून लागणारे तास काढावे. ते सत्राच्या वेळापत्रकांत बसत नसतील, तर संकल्पच लहान करावा. अर्धी यादी प्रामाणिकपणें पुरी करण्यांत कमीपणा नाहीं. तालमींत मल्लास सरावासाठीं तुल्यबळ जोड लागते, तशी आपणही एक जोड धरावी, आणि ती आपल्याहून किंचित् सरस असावी. शेवटचें असें, कीं आपल्या विजयाच्या आंकड्याशेजारीं आपल्यापुढें हरलेल्या मित्रांचीं नांवें लिहावीं. खेळाच्या यादींत त्यांना स्थान नसतें. त्यांच्यावांचून मात्र ती यादी पुरी झाली नसती.

पालकवर्गास एवढीच विनंती, कीं "किती चिन्हें मिळविलींस?" किंवा "हें काय वेड लावून घेतलेंस?" ह्या दोन्ही प्रश्नांऐवजीं "हें चिन्ह कसें मिळालें?" असें विचारावें. त्या उत्तरांत मुलाचा सर्व हिशेब येतो: वेळ किती गेला, समोर कोण होता, लढत खरी होती कीं ठरविलेली. पैशाविषयींही विचारावें. विनामूल्य म्हटलेल्या खेळांतही पोशाख व गडी विकत मिळतात, आणि विकत घेतलेला पोशाख हें मानचिन्ह नव्हे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस २०२५ च्या कायद्यानें बंदी घातली आहे. चौथऱ्यावरील हे खेळ त्या वर्गांत मोडत नाहींत, तरी खर्चावर घरच्या वडिलांची नजर असावी.

वर्षअखेर शाळेंत पारितोषिकें वांटलीं जातील, तेव्हां हाच विचार तेथेंही लागू करून पाहावा. हजेरीचें पदक, संग्रहाचें पदक, कौशल्याचें पदक आणि सामन्यांतील विजयाचें पदक हीं सारखींच चकाकतात. ज्याचें त्यानें आपल्या पदकास विचारावें, कीं माझ्यासमोर कोण होता, आणि तो जीव तोडून लढला कां? उत्तर होकारार्थी असेल, तर तें एकच पदकही पुष्कळ आहे.