'हार्ड' म्हणजे फक्त 'कठीण' नव्हे!



मागच्या महिन्यात पाचवीच्या मुलांना 'माझी आई' या विषयावर इंग्रजीत पाच वाक्यं लिहायला सांगितली होती. एका मुलाचं चौथं वाक्य होतं, 'माय मदर वर्क्स हार्डली.' त्याची आई पहाटे उठून घरचं सगळं आवरते आणि दिवसभर दुसऱ्याच्या रानात कांदे लावायला जाते. 'माझी आई खूप कष्ट करते' असं त्याला लिहायचं होतं. पण इंग्रजी जाणणाऱ्याला त्यातून भलतंच कळलं असतं, की आई काही फारसं काम करत नाही!

मी लाल पेनाने गोल केला खरा, पण लगेच आठवलं. मागच्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून दिलं होतं: 'स्लो-स्लोली, क्विक-क्विकली, शब्दाला ली लावा की झालं क्रियाविशेषण.' पोराने माझा नियम तंतोतंत पाळला होता. आणि शब्दांच्या यादीत मी 'हार्ड = कठीण' एवढंच दिलं होतं. चूक त्याची कमी, माझी जास्त. म्हणून हा शब्द पुन्हा नीट शिकवला. कसा, ते आज सांगते.

आधी मराठीतला 'कडक' घ्या

इंग्रजीकडे जाण्याआधी मुलांना विचारा, 'कडक काय काय असतं?' माझ्या वर्गात भराभर उत्तरं आली: कडक ऊन, कडक चहा, कडक भाकरी, कडक इस्त्री, कडक नोट, कडक उपवास आणि (हळू आवाजात) कडक बाई! एकच शब्द, पण प्रत्येक ठिकाणी अर्थ वेगळा. हे मुलांना कुणी शिकवलं नाही, ते घरातच कळलं.

आता विचारा, 'कडक चहाला इंग्रजीत हार्ड टी म्हणायचं का?' नाही. तो स्ट्राँग टी. कडक बाई म्हणजे स्ट्रिक्ट टीचर. कडक नोट म्हणजे क्रिस्प नोट. 'हार्ड कॅश' मात्र कडक नोट नव्हे, तर रोख पैसा. नोट चुरगळलेली असली तरी चालते! शब्दाला शब्द लावून भाषांतर होत नाही, हे मुलांना इथेच पटतं.

'हार्ड'चे मुख्य अर्थ

१. टणक: हार्ड स्टोन, हार्ड बेड. कंपासपेटीतली पेन्सिल काढायला लावा. तिच्यावरच्या 'एचबी'मधला एच म्हणजे हार्ड आणि बी म्हणजे ब्लॅक. शिशात चिकणमाती जास्त असली की ते टणक होतं आणि रेघ फिकट उमटते. ग्रॅफाइट जास्त असलं की शिसं मऊ, रेघ काळीभोर. चित्रकलेला '२बी' का मागवतात, हे मुलांना इथेच कळतं.

२. अवघड: हार्ड क्वेश्चन, हार्ड सम. यादीत आपण देतो तो अर्थ हाच, पण तो अनेकांपैकी एक आहे.

३. कष्टाचं: हार्ड वर्क, हार्ड लाइफ. इथे 'अवघड काम' नव्हे, तर 'मेहनत' आणि 'खडतर आयुष्य'.

४. कठोर: 'डोन्ट बी हार्ड ऑन हिम', म्हणजे त्याच्याशी इतकं कठोर वागू नका.

५. जोरात: 'इट इज रेनिंग हार्ड', 'किक द बॉल हार्ड'. इथे तो विशेषण राहत नाही, क्रियाविशेषण होतो. आणि 'ली' न लावताच होतो, बरं का!

६. ठरलेल्या जोड्या: 'हार्ड ऑफ हिअरिंग' म्हणजे कमी ऐकू येणारा. 'हार्ड कॉपी' म्हणजे कागदावरची प्रत. 'हार्ड वॉटर' म्हणजे कॅल्शियम, मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं पाणी. आपल्या विज्ञानात त्याला दुष्फेन पाणी म्हणतात. बोअरचं पाणी वापरणाऱ्या घरातली मुलं लगेच सांगतात, 'बाई, आमच्याकडे साबणाला फेसच येत नाही, डाळही लवकर शिजत नाही.'

या सगळ्यांत एक धागा आहे: सहजासहजी न नमणारं. दगड दाबला जात नाही, गणित चटकन सुटत नाही, कठोर माणूस विरघळत नाही. हा धागा दाखवला की पाठांतराचं ओझं कमी होतं.

अर्थ ओळखायची युक्ती

शेजारचा शब्द बघा आणि विरुद्धार्थी शब्द लावून पाहा. हार्ड बेडच्या उलट सॉफ्ट बेड, म्हणजे अर्थ टणक. हार्ड क्वेश्चनच्या उलट ईझी क्वेश्चन, म्हणजे अर्थ अवघड. हार्ड-वर्किंगच्या उलट लेझी, म्हणजे अर्थ मेहनती. विरुद्धार्थी शब्द बदलला की समजायचं, अर्थ बदलला.

'हार्ड' आणि 'हार्डली'

'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप मेहनत करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो. 'हार्ड' क्रियापदाच्या नंतर येतो, 'हार्डली' बहुधा आधी. 'हार्डली'मध्ये नकार आधीच असतो, म्हणून वाक्यात पुन्हा 'नॉट' घालायचा नाही.

असं का झालं असेल? जुन्या इंग्रजीत 'हार्डली'चा अर्थ जोराने, कष्टाने असाच होता. कष्टाने होणारी गोष्ट थोडीच होते, म्हणून पुढे अर्थ 'जेमतेम'वर आला. मराठीतलं 'मुश्किलीने' आठवा. 'मुश्किलीने दहा रुपये उरले' म्हणताना आपणही 'जेमतेम' असंच म्हणत असतो. 'लेट' आणि 'लेटली' ही अशीच फसवी जोडी. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे.

वर्गात आणि घरी

एका शब्दासमोर एक अर्थ लिहिण्याऐवजी मुलांच्या वहीत एक पान एका शब्दाला द्या. मध्ये 'हार्ड' आणि भोवती जोड्या. नवी जोडी सापडली की त्यात भर घालायची. पालकांनी रोज एकच विचारायचं, 'आज कोणती जोडी मिळाली?' इंग्रजी येत नसलं तरी हे विचारता येतं. आणि मुलाचं वाक्य चुकलं तर आधी विचारा, 'तुला काय म्हणायचं होतं?' मी तो गोल करण्याआधी विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाला जवळ बोलावून सांगितलं, 'नियम मीच अर्धा शिकवला होता रे.' त्याने 'ली' खोडलं आणि मी शेजारी बरोबरची खूण केली. 'माय मदर वर्क्स हार्ड.' ते वाक्य त्याने घरी आईला वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला म्हणे.

तुमच्या वर्गात 'हार्ड'च्या आणखी कोणत्या जोड्या निघाल्या, जरूर कळवा. पुढच्या पाठात 'लाइट' घेऊ: उजेड, हलका आणि फिकट!