आरोग्यसेवा आणि शासनाची जबाबदारी

उपचाराचा भार रुग्णाने सोसावा की शासनाने, हा वाद जुना आहे. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये त्याचे निःसंदिग्ध उत्तर दिले. पैशांअभावी कोणीही उपचारांस वंचित राहू नये, ही तिची भूमिका होती. तिच्याच शिफारशींच्या आधारे १९५२ पासून देशात प्राथमिक आरोग्य केंद्रे उभी राहू लागली.

पुढील मतभेद मार्गाविषयी आहे. शासनाने स्वतः दवाखाने चालवावेत, असे एक मत. शासनाने खर्च द्यावा व सेवा खाजगी रुग्णालयांनीही द्यावी, असे दुसरे. महाराष्ट्रात २०१२ मध्ये सुरू झालेली जीवनदायी योजना (आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) आणि २०१८ ची आयुष्मान भारत योजना यांनी दुसरा मार्ग स्वीकारला. मोठ्या शस्त्रक्रियेसाठी जमीन गहाण पडू नये, हा त्यामागील हेतू.

तथापि अशा योजनांचा आधार मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावर मिळतो. बालकांचे लसीकरण, गरोदर मातांची तपासणी, पाण्याचे शुद्धीकरण ही कामे रुग्णालयाच्या बिलात बसत नाहीत. ती प्राथमिक आरोग्य केंद्रानेच करावयाची असतात. त्यासाठी सपाट प्रदेशात ३० हजार आणि डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक केंद्र, असा निकष आहे.

घटनेच्या अकराव्या अनुसूचीत आरोग्य हा पंचायतींचाही विषय आहे. म्हणूनच केंद्रात डॉक्टर हजर आहेत काय, औषधे आहेत काय, हे ग्रामसभेने विचारलेच पाहिजे. उपचाराचे बिल भरले म्हणजे शासनाची जबाबदारी संपली, असे होत नाही.