चूर्णाचे कण व त्यांचें मोजमाप

पदार्थ तोच असला तरी त्याचें रूप पालटलें कीं त्याचे गुणही पालटतात, हें आपण नित्य पाहतों. खडीसाखरेचा खडा पाण्यांत सावकाश विरघळतो. पिठीसाखर मात्र टाकतांच नाहींशी होते. ओंडका पेटण्यास वेळ लागतो, पण त्याच्याच ढलप्या चटकन् पेट घेतात. गारगोटीचा खडा कोणी जन्मभर खिशांत बाळगला तरी त्यास कांहीं अपाय होणार नाहीं. परंतु त्याच गारगोटीची अतिसूक्ष्म धूळ वर्षानुवर्षें श्वासावाटें आंत गेली, तर ती प्राणघातक ठरते. म्हणून एखादें चूर्ण निर्धोक आहे कीं नाहीं हें ठरवितांना, तें कशाचें आहे एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याचे कण केवढे आहेत, हेंही विचारावें लागतें. ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञ कसें मिळवितात, तें प्रस्तुत लेखांत पाहूं.

प्रथम मापाची ओळख करून घेऊं. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. श्वासाबरोबर येणारे १० मायक्रॉनहून मोठे कण बहुतेक नाकांत व घशांत अडकतात आणि शिंकेवाटें किंवा कफावाटें बाहेर पडतात. परंतु सुमारें ४ मायक्रॉनचे व त्याहून लहान कण फुप्फुसांच्या अगदीं टोंकाशीं असलेल्या वायुकोशांपर्यंत पोंचूं शकतात. गारगोटींतील मुख्य द्रव्य जें सिलिका, तें तेथें सहजासहजी विरघळत नाहीं. शरीरांतील रक्षक पेशी त्या कणांना गिळावयास जातात व स्वतःच नाश पावतात. त्या जागीं व्रण पडून फुप्फुस कठीण होत जातें. ह्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. त्यानें झालेली हानि कोणत्याही औषधानें भरून निघत नाहीं.

ह्याचें उदाहरण आपल्या दप्तरांतच सांपडेल. पाटीवर लिहावयाच्या पेन्सिली दगडापासून कापून काढण्याचा धंदा मध्यप्रदेशांतील मंदसोर येथें चालत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथें विजेच्या करवतींनीं दगड कापतांना सिलिकायुक्त धूळ उडे, आणि ती श्वासांत जाऊन अनेक कामकरी ऐन तारुण्यांत सिलिकोसिसला बळी पडले. दगड तोच, पेन्सिलही तीच. लिहिणाऱ्या मुलास अपाय नाहीं आणि कापणाऱ्यास मृत्यु! हा भेद कणांच्या आकारमानाचा व हवेंतील त्यांच्या प्रमाणाचा होय.

आतां मोजण्याच्या रीति पाहूं. सर्वांत जुनी रीत चाळणीची. वस्त्रगाळ चूर्ण करणाऱ्या आपल्या वैद्यांना ती पूर्वापार ठाऊक आहे. प्रयोगशाळेंत ठराविक छिद्रांच्या चाळण्या एकीवर एक रचून हालवितात व प्रत्येकींत किती माल राहिला त्याचें वजन करतात. दर इंचास २०० छिद्रें असलेल्या चाळणीचें एक छिद्र सुमारें ७५ मायक्रॉनचें असतें. परंतु कण फारच बारीक झाले म्हणजे ते एकमेकांस चिकटतात व चाळणीचें कांहीं चालत नाहीं. जे कण सर्वांत घातक, तेच तिच्या आटोक्याबाहेर राहतात.

दुसरी रीत सूक्ष्मदर्शक यंत्राची. येथें कण प्रत्यक्ष दिसतो आणि तो वाटोळा आहे कीं सुईसारखा लांबट, हेंही कळतें. मात्र दोनचार कण पाहून निर्णय करतां येत नाहीं. शेंकडों कण मोजावे लागतात.

तिसरी रीत निवळण्याची. पेलाभर पाण्यांत मूठभर माती टाकून ढवळा. वाळू तत्काळ तळाशीं बसेल. पण पाण्याचा गढूळपणा दुसऱ्या दिवशींही पुरता जाणार नाहीं. इ. स. १८५१ मध्यें स्टोक्स नामक गणितज्ञानें ह्याचा नियम सिद्ध केला. सूक्ष्म कणाचा खालीं बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणांत असतो. व्यास दसपट कमी झाला कीं वेग शंभरपट कमी होतो. १० सेंटिमीटर खोल पाण्यांतून गारगोटीचा ५० मायक्रॉनचा कण सुमारें पाऊण मिनिटांत तळ गांठतो, १० मायक्रॉनच्या कणास सुमारें १८ मिनिटें लागतात, आणि १ मायक्रॉनच्या कणास तीस तासांहून अधिक! अर्थात् कोणत्या वेळीं किती गाळ बसला हें पाहून कणांचा व्यास काढतां येतो.

चौथी रीत अर्वाचीन आहे. चूर्णांतून लेसर प्रकाशाचा झोत सोडला असतां मोठे कण त्यास थोड्या कोनांत पसरवितात, लहान कण अधिक कोनांत. त्या पसरलेल्या प्रकाशावरून यंत्र कांहीं मिनिटांतच कणांचें वर्गीकरण करून देतें.

येथें एक सावधगिरी अवश्य राखली पाहिजे. १०० मायक्रॉन व्यासाचा एक कण १ मायक्रॉनच्या दहा लक्ष कणांइतका जड असतो. म्हणून वजनानें ९९ भाग मोठे कण व केवळ १ भाग लहान कण असें मिश्रण केलें, तर दर ९९ मोठ्या कणांमागें दहा लक्ष लहान कण येतात. नुसती सरासरी पाहणारास तें चूर्ण भरड वाटेल, आणि सगळा धोका त्या एका भागांत दडलेला असेल. म्हणूनच चांगल्या अहवालांत एकच आंकडा न देतां, कोणत्या मापाचे कण शेंकडा किती, हें सविस्तर दिलेलें असतें. तसेंच पोतें हालून बारीक कण खालीं उतरतात, यास्तव नमुना केवळ वरून न घेतां सर्व थरांतून घ्यावा लागतो.

युरोपीय संघाच्या २००६ सालच्या रसायनविषयक कायद्यांत घन पदार्थांच्या कणांच्या आकारमानाची माहितीही मागितलेली आहे. पण पोत्यांतील माल मोजून काम संपत नाहीं. कामकऱ्याच्या गळपट्टीजवळ एक लहान नळी बसवून तो घेतो ती हवा पंपानें ओढतात. नळींतील भोंवऱ्यानें मोठे कण बाजूस पडतात व फुप्फुसांत खोल जाणारे तेवढे गाळणीवर जमतात. अमेरिकेंत २०१६ सालच्या नियमानें अशा सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीनें दर घनमीटर हवेंत ५० मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचा वीस हजारावा भाग, इतकी ठरविली आहे.

कारखान्यांत उडणारी भरड धूळ डोळ्यांस दिसते, अंगावर बसते, खोकला आणते. तिच्यापासून मनुष्य आपण होऊन दूर सरतो. वायुकोशांत शिरणारा सूक्ष्म कण मात्र दिसतही नाहीं आणि लवकर खालीं बसतही नाहीं. तो मोजला म्हणजेच पाण्याचा फवारा कोठें मारावा, धूळ ओढणारा पंखा कोठें बसवावा, आणि हे उपाय पुरेसे झाले कीं नाहीं, हें निश्चित सांगतां येतें. मोजमाप हा प्रयोगशाळेंतील नुसता खेळ नव्हे; श्रम करणाराच्या श्वासाचें तें रक्षण आहे.