बाळाचे वावडे आणि घरचा घास

‘वावडे’ हा मराठीतील जुना आणि नेमका शब्द. आज आपण तो ‘आवडत नाही’ अशा सैल अर्थाने वापरतो. मूळ अर्थ मात्र शरीराला न मानवणे असाच आहे. विनयपिटकाच्या महावग्गात रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्याचे जे गुण सांगितले आहेत, त्यांत रुग्णाला काय मानवते व काय मानवत नाही हे ओळखणे आणि न मानवणारे त्याच्यापासून दूर ठेवणे, हा एक गुण आहे. ‘सप्पाय’ आणि ‘असप्पाय’ हे त्यासाठीचे पाली शब्द. ‘ॲलर्जी’ हा शब्द त्या मानाने अगदी अलीकडचा. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी तो १९०६ साली प्रचारात आणला.

अन्नाच्या ॲलर्जीत शरीराची संरक्षणव्यवस्था अन्नातील एखाद्या प्रथिनालाच शत्रू समजते. दुधातील साखर न पचल्याने पोट फुगणे व जुलाब होणे ही वेगळी गोष्ट. हा भेद ध्यानात न घेता पुष्कळ घरांत बाळाचे दूध बंद होते. मग गहू, मग अंडे, आणि वर्षाचे मूल नुसत्या भाताच्या पेजेवर राहते. वावड्याइतकीच ही उपासमारही घातक आहे. म्हणून निदान डॉक्टरांनीच करावे.

सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाच्या जोडीने वरचे अन्न सुरू करावे. नवा पदार्थ एका वेळी एकच, सकाळी आणि थोडा द्यावा. तीन-चार दिवस पाहून मगच दुसरा. बाळगुटीला माझा आक्षेप आहे तो याच कारणाने. सहाणेवर बदाम, खारीक, हळकुंड, वेखंड, जायफळ असे सारे एकत्र उगाळून चाटवल्यावर अंगावर गांधी उठल्या, तर दोष कोणाला द्यायचा? शिवाय सहा महिन्यांपूर्वी आईच्या दुधावाचून बाळाला काही लागत नाही, आणि वर्षाच्या आत मध तर मुळीच देऊ नये.

घरी करण्याजोगे पहिले अन्न म्हणजे खिमट. दोन भाग तांदूळ व एक भाग मूगडाळ धुऊन सावलीत वाळवावी, मंद आचेवर भाजावी आणि रवाळ दळावी. नाचणी रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणावेत. मग वाळवून, किंचित भाजून, दळून वस्त्रगाळ करावी. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून दूध वर्ज्य असलेल्या बाळाला ती विशेष उपयोगी. ती पाण्यात शिजवावी, कोमट झाल्यावर आईचे दूध मिसळावे. मीठ-साखर नको. घास चमच्यावरून ओघळू नये इतका दाट असावा. पातळ पेजेने पोट भरते, पोषण होत नाही. लोहासाठी डाळ, पालेभाजी, वर लिंबाचे दोन थेंब. घरात चालत असेल तर शिजवून वाटलेले मांस उत्तम. गाईचे दूध न मानवणाऱ्या बाळाला शेळीचे दूध द्यावे असे हमखास सुचवले जाते. ते चुकीचे आहे. दोन्हींतील प्रथिने इतकी सारखी आहेत की बहुधा तेही बाधते, म्हशीचेही. वर्षाच्या आतील बाळाला आईचे दूध पुरत नसेल तर पर्यायी दूध डॉक्टरांनीच ठरवावे.

खरी अडचण पुढेच आहे. गव्हाचे वावडे असलेल्या बाळासाठी कसब्यातील आई नाचणी गिरणीत देते. ती गव्हावर टाकली जाते आणि गव्हाचे पीठ तिच्यात येते. हे दळण घरच्या मिक्सरवर करावे. बाजारातील बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ असते, तेव्हा वरणाला हिंगाची फोडणी नको. शेंगदाण्याचे वावडे असेल तर कूट वर्ज्य करून भागत नाही. लाकडी घाण्याच्या तेलात शेंगदाण्याचे प्रथिन उरते. पुडीतले काही घेतलेच तर वेष्टन वाचावे. दूध, अंडी, गहू, शेंगदाणे, सोयाबीन इत्यादींचा उल्लेख २०२० च्या नियमांनुसार वेष्टनावर असावा लागतो.

अशा बाळाची वाटी, चमचा, पातेले वेगळे ठेवावे लागते. आपल्या आज्यांना हे पटवणे सोपे नाही, आणि का नाही हे समजून घेतले पाहिजे. वेगळे भांडे आणि वरून ओतलेले पाणी यांचा अपमान त्यांच्या पिढीने भोगला. कसब्यापासून थोड्याच अंतरावर, गंज पेठेत, जोतीराव फुल्यांना १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला करावा लागला, यातच ते दुःख दिसते. तेव्हा सुनेने आजीला कारण नीट सांगावे. ते भांडे बाळाला दूर ठेवण्यासाठी नाही. त्याला सर्वांसोबत पंगतीत बसता यावे म्हणून आहे.

वावडे नसताना भीतीपोटी पदार्थ टाळणेही हिताचे नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या अभ्यासात, तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बालकांपैकी ज्यांना लहानपणीच शेंगदाण्याचे पदार्थ नियमित दिले, त्यांच्यात पाच वर्षांच्या वयापर्यंत ती ॲलर्जी फारच कमी आढळली. अर्थात अशा बाळांना सुरुवात डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी. अख्खा दाणा घशात अडकतो; बारीक कूट खिमटीत कालवावे. अंडे पूर्ण शिजवलेले असावे.

ओठ-जीभ सुजणे, श्वासाला घरघर, वारंवार उलट्या, बाळ एकदम निपचित पडणे, यांपैकी काही दिसले तर हळद-तुपाचे उपाय करीत बसू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे; तेथे ॲड्रेनलिनचे इंजेक्शन वेळेवर मिळणे निर्णायक ठरते. दुधाचे व अंड्याचे वावडे पुष्कळ मुलांत शाळेच्या वयापर्यंत ओसरते. शेंगदाण्याचे सहसा टिकते. ते ओसरले का हे पाहण्यासाठी पहिला घास डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावा. ‘एवढ्याशाने काय होते’ म्हणून लग्नाच्या मांडवात कोणी बाळाच्या तोंडाला पेढा लावू नये.