संगणकाला मराठी येते

कोपरी म्हणजे ठाणे स्टेशनच्या पूर्वेची वस्ती. हे नाव आपण पाटीवर लिहिले. आता तेच संगणकावर लिहू.

संगणक सुरू केला, की पडद्यावर इंग्रजी शब्द दिसतात. मग वाटते, हे काही आपले काम नव्हे. सातबारा संगणकावर पाहता येतो, पण त्यासाठी आपण दुसऱ्याला विनवत बसतो. तसे करायला नको. संगणकाच्या आत एक कारभारी असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. विंडोज हा एक कारभारी, उबुंटू हा दुसरा. दोघांनाही मराठी येते. सांगावे मात्र लागते. सेटिंगमध्ये जाऊन भाषा मराठी करावी. अक्षरे बारीक वाटली, तर तिथेच मोठी करावी.

लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट नावाची मांडणी घ्यावी. 1991 साली ती भारतीय मानकात आली. काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला; बहुतेक अक्षरे उजव्या हाताला. कळांवर मराठी अक्षरे चिकटवून घ्या. क दाबा, मग ओकार दाबा. झाले ‘को’! मग प. मग र आणि दुसरी वेलांटी. पाच कळा दाबल्या, की कोपरी तयार. ‘कि’ लिहिताना पाटीवर आपण वेलांटी आधी काढतो. इथे क आधी, वेलांटी मागून.

पडद्यावरचे मराठी कधी कधी फार जड असते. फाइलीला संचिका म्हटले, तर कचेरीत खेटे घातलेला माणूसही अडतो. आम्हांला फाइल हाच शब्द बरा वाटतो. उबुंटू फुकट मिळतो. त्याचे मराठी स्वयंसेवक करतात. सोपा शब्द सुचला, तर त्यांना कळवता येतो.