पार्ट धुवा, पण पेट्रोलनं नको

प्रश्न : माझं अमडापूरला ट्रॅक्टर आणि दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे. सोयाबीन काढणी जवळ आली की मळणीयंत्रांची रांग लागते. पार्ट आम्ही पेट्रोल-डिझेलनंच धुतो, हातही त्यानंच. हातांना भेगा पडल्यात, संध्याकाळी डोकं जड होतं. बाजारात थिनर, स्प्रे असं बरंच काही मिळतं. त्यातलं कमी त्रासाचं कोणतं?

उत्तर : भाऊ, विचारलंत हे फार बरं केलं. हा प्रश्न एकट्या तुमचा नाही. गॅरेज, वेल्डिंगचं दुकान, रंगारी, मोटर रिवाइंडिंग, जिथे ग्रीस आणि रंग आहे तिथे हेच चालतं. माझं म्हणणं आधीच सांगतो : एक डबा टाकून दुसरा आणू नका, धुण्याची पद्धतच बदला. बहुतेक काम खरवडणं, गरम पाणी आणि सोडा-साबणावर भागतं. उरलेल्या थोड्या कामापुरतंच पेट्रोल किंवा थिनर हाताळायचं.

शरीरात काय होतं?

बेअरिंगवरचं ग्रीस जे विरघळवतं, ते कातडीतला नैसर्गिक तेलकटपणाही विरघळवतं. पेट्रोलनं हात धुतल्यावर दोन मिनिटं थांबून पाहा. बोटं पांढरट, कोरडी पडलेली दिसतील आणि पेरांवरच्या भेगांत काळ्या रेषा तशाच राहिलेल्या असतील. म्हणजे मळ पुरता गेला नाही, कातडीचं संरक्षण मात्र गेलं. त्याच भेगांतून जंतू शिरतात आणि पुढच्या वेळचं पेट्रोलही.

पेट्रोलमध्ये बेंझीन असतं. एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ निकषांनुसार ते १ टक्क्यापर्यंत असू शकतं. टक्का लहान वाटतो, पण बेंझीन थेट अस्थिमज्जेवर, म्हणजे रक्त तयार होतं त्या जागेवर घाव घालतं. त्यानं रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालेलं आहे. थिनरमधलं टोल्युइन मेंदूवर परिणाम करतं. डोकं दुखतं, गरगरतं, वर्षानुवर्षं हुंगत राहिलं तर विसरभोळेपणा आणि चिडचिड वाढते. जुना रंग काढायच्या रिमूव्हरमध्ये मिथिलीन क्लोराइड असेल, तर शरीरात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बंद खोलीत ते वापरताना माणसं दगावलेली आहेत.

आगीचं भय वेगळंच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत सरकते, गाडीखालच्या खड्ड्यात साचते आणि पलीकडच्या वेल्डिंगच्या ठिणगीनं पेटते. ‘डिझेल कुठे पेटतं?’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. पण केरोसीन आणि डिझेलची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते ते किमान तापमान भारतीय मानकांत ३५ अंश सेल्सिअस धरलेलं आहे. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात दुपारी पारा त्याच्या वर असतो.

‘सुरक्षित’ लिहिलेला स्प्रे घ्यावा का?

घाई करू नका. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ब्रेक साफ करायच्या स्प्रेमधून क्लोरीनयुक्त द्रावकं काढण्यात आली आणि काही उत्पादनांत त्यांच्या जागी हेक्झेन आलं. २००० सालच्या सुमारास तिथल्या मेकॅनिकांच्या हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, बधिरपणा आला. हेक्झेननं नसा खराब झाल्या होत्या. एक त्रास गेला आणि दुसरा त्याच्या जागी बसला. म्हणून डब्यावर ‘इको’ किंवा ‘ग्रीन’ लिहिलंय एवढ्यावर विश्वास ठेवू नका. घटक वाचा. हेक्झेन, टोल्युइन, मिथिलीन क्लोराइड, ट्रायक्लोरोएथिलीन यांपैकी काही दिसलं, किंवा घटकच छापलेले नसले, तर तो डबा दुकानातच राहू द्या. संत्र्याच्या सालीपासून काढलेलं क्लीनरसुद्धा ज्वलनशील असतं आणि काहींच्या कातडीला त्याची अॅलर्जी होते.

मग करायचं काय?

पहिलं, कोरडं काम. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीनं जाड ग्रीस खरवडून डब्यात काढा. उरलेलं लाकडाच्या भुशानं किंवा चिंधीनं पुसा. निम्मं काम इथेच होतं.

दुसरं, गरम पाणी. १० लिटर पाण्यात साधारण २०० ग्रॅम धुण्याचा सोडा आणि थोडं भांड्याचं लिक्विड घाला. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात लोखंडी पार्ट अर्धा तास भिजू द्या, मग ताठ ब्रशनं घासा. हातात रबरी मोजे हवेत. साध्या पाण्यानं धुवून उन्हात किंवा हवा मारून पूर्ण वाळवा आणि गंज धरू नये म्हणून तेलाचा पातळ हात फिरवा. अॅल्युमिनियमच्या पार्टला मात्र सोडा नको, तो धातू खातो. तिथे नुसतं लिक्विड आणि कोमट पाणी. कॉस्टिक सोडा कशालाच नको.

तिसरं, ब्रेक शू. त्यावर कॉम्प्रेसरची हवा कधीच मारू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं आणि ती धूळ फुप्फुसात कायमची बसते. साबणाच्या पाण्यानं ओलं करून पुसा.

चौथं, कार्बोरेटरच्या जेटसारखं बारीक काम. इथे द्रावक लागलंच तर वाटीभर घ्या, उघड्यावर बसा, नायट्राइलचे मोजे घाला, काम झालं की झाकण लावा. नाकावरच्या रुमालानं किंवा कापडी मास्कनं वाफ अडत नाही.

पाचवं, हात. जेवणाआधी चमचाभर खाद्यतेल हातावर चोळा, ग्रीस सुटेल. चिंधीनं पुसा, मग साबण लावा. रात्री खोबरेल किंवा व्हॅसलीन. आपल्या भागात पिकतं ते सोयाबीनचं तेलही चालेल. याच तेलापासून मिथाइल सोयेट नावाचं औद्योगिक क्लीनर बनतं. ते पेट्रोलसारखं उडून जात नाही आणि चटकन पेटत नाही.

धुतलेलं पाणी कुठे जातं?

तेलकट पाणी नालीत सोडू नका, मग ते साबणाचं का असेना. आपल्या काळ्या मातीखाली भेगाळलेला काळा पाषाण आहे. त्याच भेगांतून आपल्या विहिरींना आणि बोअरला पाणी लागतं आणि ओतलेलं पेट्रोल-डिझेलही त्याच वाटेनं खाली उतरतं. पाणी रात्रभर स्थिर ठेवा, वरचं तेल काढून घ्या आणि खालचं पाणी पुन्हा वापरा. तळाचा गाळ भुशात शोषून झाकणाच्या डब्यात ठेवा. जळकं ऑइल कायद्यानं घातक कचऱ्यात मोडतं. ते साठवून प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या पुनर्वापर करणाऱ्याला द्या. पाच-सहा गॅरेजवाल्यांनी मिळून साठवलं तर गाडी बोलावणंही परवडतं. आणि उघड्या ट्रेमधून उडालेली वाफ वाया जात नाही. वाहनांच्या धुराबरोबर उन्हात तिचा ओझोन बनतो. तो दम्याच्या रुग्णाला छळतो आणि सोयाबीनच्या पानांनाही सोसत नाही.

मुलांसाठी एक सक्त सूचना

कोल्ड्रिंकच्या बाटलीत पेट्रोल, केरोसीन किंवा थिनर कधीच भरू नका. मुलानं चुकून प्यायलंच तर उलटी करवू नका, दूध किंवा मिठाचं पाणी पाजू नका. उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरतं आणि गंभीर न्यूमोनिया होतो. १०८ ला फोन करा, बाटली सोबत घ्या आणि थेट रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे कधी जावं?

रोज कामानंतर डोकं दुखत असेल आणि सुटीच्या दिवशी दुखत नसेल, हातापायांना मुंग्या येत असतील, विनाकारण अंगावर निळे डाग पडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा धाप लागत असेल, तर थांबू नका. साध्या रक्ततपासणीत बरंच कळतं. गॅरेजात शिकायला आलेल्या पोरालाही हेच सांगा. त्याची पुढची तीस-चाळीस वर्षं याच धंद्यात जायची आहेत. आणि तपासायला जाल तेव्हा नुसतं ‘डोकं दुखतं’ म्हणू नका. ‘मी इतकी वर्षं पेट्रोलनं पार्ट धुतोय’ हे आपणहून सांगा. डोकेदुखीची गोळी द्यायची की रक्त तपासायचं, हे डॉक्टर त्या एका वाक्यावर ठरवू शकतात.